अकरा बेचाळीसचं पत्र

१

सुतार मंगळवारी दुपारी सव्वाचारला गेला. त्याला वाचवू शकला असता असा रिपोर्ट त्याच्या डॉक्टरीणबाईंच्या मेलमध्ये पाच वाजून बारा मिनिटांनी पोचला.

माणूस त्रेचाळीस वर्षांचा. मूत्रपिंडाचं जुनं दुखणं होतं, पण काम थांबवलं नव्हतं. सोमवारपासून पाय जड झाले. मंगळवारी सकाळी नऊला त्याने दवाखान्यात रक्त दिलं. ‘घरी पडून राहा, रिपोर्ट आला की कळवते,’ असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तो घरी जाऊन पडून राहिला. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. ते सव्वाचारला थांबलं.

लॅबच्या कॉम्प्युटरवर नोंद अगदी स्वच्छ होती. रिपोर्ट पाठवला, पाच बारा. पाठवणारी, रक्त तपासणारी तंत्रज्ञ. तिला बुधवारी घरी बसवलं गेलं. सोमवारी आरोग्य खात्याची चौकशी समिती बसणार होती, आणि हलगर्जीपणाने मृत्यू ओढवल्याचा ठपका तिच्यावर येणार हे सगळे धरूनच चालले होते.

गुरुवारी सकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली. दोन दिवस झोप नसल्याचं चेहराच सांगत होता.

“मावशी, मी तो रिपोर्ट अकरा बेचाळीसला पाठवला होता.”

मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चोवीस वर्षं ती संस्थांचे मेल सर्व्हर लावून द्यायची, सांभाळायची. धंद्यातले लोक तिला पोस्टमास्तरीण म्हणत. कुणाचं पत्र कुठे अडकलं हे शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आज समोर बहिणीची मुलगी होती.

“मिनिटासकट कसं आठवतं तुला?”

“आकडा बघून हबकले. असा आकडा आला की आधी घड्याळाकडे बघायचं, तशी सवयच असते आम्हाला. अकरा चाळीस झाले होते. दोन मिनिटांत पाठवला.”

“आणि फोन? धोक्याचा आकडा असेल तर फोनही करायचा असतो ना?”

“केला. लागला नाही.” तिची नजर खाली गेली.

मावशीने ती नजर टिपली, पण तेव्हा काही विचारलं नाही. “पाठवल्यावर स्क्रीनवर काय दिसलं?”

“हिरवी खूण. ‘गेलं’ म्हणून.”

“ती खूण म्हणजे पत्र तुझ्या टेबलावरून उठून लॅबच्या सर्व्हरपर्यंत गेलं, एवढंच. पुढे त्याचं काय झालं ते त्या खुणेला ठाऊक नसतं.”

“पण कॉम्प्युटरवर पाच बारा लिहिलंय, मावशी. सगळे म्हणतात मी विसरले आणि उशिरा पाठवून झाकापाक केली. तुला काय वाटतं?”

“मला काही वाटत नाही. मी बघते,” मावशी उठत म्हणाली. “आणि एक ऐकून ठेव. तू खोटं बोलत असलीस, तर समितीपुढे ते सांगायला मीच उभी राहीन.”

२

लॅब तीन मजल्यांची होती. स्पिरिटचा वास, पांढऱ्या फरश्या, तळमजल्यावर रक्त द्यायला आलेल्यांची रांग. मालक स्वतः पॅथॉलॉजिस्ट. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. साठीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“हवं ते बघा. गुणी मुलगी आहे हो. सहा वर्षांत एक चूक नाही. पण त्या दिवशी मान्यतेच्या तपासणीसाठी बाहेरचे अधिकारी आले होते, सकाळपासून सगळ्यांची धांदल. त्यात राहून गेलं असेल.”

“तुम्ही दिवसभर त्या अधिकाऱ्यांबरोबरच होतात?”

“दहा ते पाच. जेवायच्या सुट्टीत तेवढा माझ्या खोलीत आलो.”

“रिपोर्टचे मेल कुठल्या पत्त्यावरून जातात?”

“एकच पत्ता आहे, ‘रिपोर्ट’ नावाचा. सगळे तोच वापरतात.”

“म्हणजे एखादं पत्र परत आलं तर ते पाठवणाऱ्याला दिसत नाही. त्या पत्त्याच्या पेटीत पडतं. ती पेटी कोण उघडतं?”

मोठ्या डॉक्टरांनी क्षणभर टेबलावरचा पेपरवेट सरकवला. “आमचा कॉम्प्युटरवाला. आणि कधीमधी मी.”

कॉम्प्युटरवाल्याला सगळे लंबू म्हणत. दारातून येताना मान तिरकी करावी लागायची त्याला. तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या जिन्याखालच्या कोंदट खोलीत त्याचे सर्व्हर घुरघुरत होते.

“नवीन मशीन दिसतंय,” मावशी म्हणाली.

“सोमवारी संध्याकाळी बसवलं. जुनं धापा टाकत होतं. मेल सगळा यावर आणला.”

“नंतर काही बदल?”

“छे. सोमवारनंतर हातही लावलेला नाही.” तो फार लवकर बोलला.

मावशीने आपला लॅपटॉप उघडून बाहेरूनच त्या मशीनचं दार ठोठावलं. मशीनने आपलं नाव सांगितलं, पूर्ण, लॅबच्या पत्त्यासकट. मग तिने त्याच्या आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याचा, मालक कोण ते इंटरनेटच्या यादीत उलटं शोधलं. तिथेही तेच नाव. नाव चोख, नोंद चोख. अशा मशीनचं पत्र कुणी परत पाठवायचं काही कारण नव्हतं.

“मंगळवारचा लॉग दाखव. कुठलं पत्र किती वाजता गेलं, कुणी घेतलं, कुणी नाकारलं, सगळं त्यात असतं.”

लंबूने फोल्डर उघडलं. सोमवारची फाइल होती. बुधवारची होती. मधल्या जागी काहीच नव्हतं.

“डिस्क भरली असेल,” तो पुटपुटला.

मावशीने स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. चार दिवसांच्या त्या डिस्कची नव्वद टक्के जागा मोकळी होती.

३

लॉग कुणीतरी पुसला होता. पण तेवढ्याने भाची सुटत नव्हती. मोठे डॉक्टर आणि लंबू यांच्यापैकी कुणीही म्हणू शकलं असतं, की उशीर तिचाच होता आणि फाइल चुकून गेली.

दुपारी मावशी दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर चार पेशंट बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबायला सांगून दार लावून घेतलं. पस्तिशीची बाई, डोळे सुजलेले.

“दर अर्ध्या तासाने मी मेल बघत होते. एक वाजता, दीड वाजता, अडीचला. काही नाही. वाटलं, गंभीर असतं तर त्यांनी फोन केला असता. मीच करायला हवा होता. रोज रात्री हेच डोक्यात येतं, की मीच करायला हवा होता.”

“तुमच्या फोनची लाइन सकाळी चालू होती?”

“अकरा ते बारा पेशंटचे नंबर लावायची वेळ. तेव्हा ती रिकामी नसतेच.”

मावशीने पाच बाराचं पत्र उघडायला लावलं आणि त्याच्या मागचा मजकूर बाहेर काढला. पाकिटावर जसे वाटेतल्या पोस्टांचे शिक्के असतात, तसे मेलवरही असतात. आपण वाचतो त्या मजकुराखाली लपलेले असतात, एवढंच. तिने ओळन् ओळ वाचली. पत्र लॅबच्या सर्व्हरवर आलं पाच बाराला. मशीनने नाव सांगितलं, बरोबर. दवाखान्याच्या सर्व्हरने ते घेतलं पाच बारालाच. सगळं भाचीच्या विरुद्ध.

“सकाळी एखादं पत्र आलं असेल आणि तुमच्या सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं असेल, तर?”

“आमचा मेल एक कंपनी सांभाळते. विचारते.” डॉक्टरीणबाईंनी फोन लावला, बराच वेळ ऐकला आणि खाली ठेवला. “नाकारलेल्या मेलच्या नोंदी समितीने लेखी मागितल्या तरच देणार. आणि त्यालाही दहा दिवस.”

समिती चार दिवसांवर आली होती.

मावशी उठायच्या बेतात होती. सवयीने तिने पत्राचा शेवट पुन्हा एकदा नजरेखालून घातला. रिपोर्टच्या सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. *प्रत रुग्णास, त्याच्या मेलवर.*

ती पुन्हा खाली बसली. “सुताराचं घर कुठे?”

४

घराला लागूनच त्याची कामाची शेड होती. दोन लाकडी ठोकळ्यांवर एक अर्धवट दार आडवं पडलं होतं. भुसा अजून कुणी झाडला नव्हता.

बायकोने आत घेतलं. मावशीने सरळच सांगून टाकलं, “ज्या मुलीवर आरोप आहे, तिची मी मावशी. तुम्ही मला आत्ता बाहेर घालवलंत तरी मी काही बोलणार नाही.”

बाईने तिच्याकडे बघितलं. “तिच्यासाठी आलात?”

“नक्की काय घडलं त्यासाठी. त्यात ती दोषी निघाली तर निघाली.”

“मग विचारा.”

“त्यांचा फोन कुठाय?”

फोन कपाटात, शर्टांच्या घडीवर ठेवला होता. बंद. बाईने तो चालू केला आणि न बघता आकडे दाबले. अंगठा त्या आकड्यांना सरावलेला होता. मावशीने मेल उघडला. सगळ्यात वर पाच बाराचा रिपोर्ट, न वाचलेला. खाली दुकानांच्या जाहिराती. दुसरं काही नाही.

आता एकच जागा उरली होती. नको असलेली पत्रं जिथे आपोआप ढकलली जातात ती स्पॅमची पेटी. मावशीने ती उघडली. औषधांची खोटी आमिषं, लॉटरी, आणि त्यांच्या मधोमध लॅबचं पत्र.

मंगळवार. अकरा बेचाळीस.

तिने मागचे शिक्के उघडले. वेळ तीच. पण जिथे मशीनने आपलं नाव सांगायचं, तिथे लॅबचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘लोकलहोस्ट’.

“काय आहे?” बाईने विचारलं.

“प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याच्या दारात गेला की आधी नाव सांगतो. त्याला होस्टनेम म्हणतात. आतला सर्व्हर यादीत बघतो, या पत्त्यावर खरंच हाच राहतो का. जुळलं तर पत्र घेतो. लॅबच्या नव्या मशीनला कुणी नावच दिलं नव्हतं. कोण आहे विचारलं, तर ते म्हणत होतं, मी. नुसतं मी. दवाखान्याच्या सर्व्हरने अशाला दारात उभंच केलं नाही. तुमच्या यजमानांच्या मेलवाल्यांनी पत्र घेतलं, पण संशयित म्हणून या पेटीत टाकलं.”

बाईने फोन हातात घेतला. ती अक्षरं वाचत नव्हती, वेळ वाचत होती.

“म्हणजे सकाळीच आलं होतं,” ती म्हणाली. “दिवसभर यांच्या उशाशी होतं.”



५

शुक्रवारी सकाळी लंबू खोलीत शिरला, तर मावशी त्याच्या खुर्चीत बसली होती. समोर दोन कागद. अकरा बेचाळीसच्या पत्राचे शिक्के आणि पाच बाराचे.

“बस,” ती म्हणाली. “तू म्हणालास सोमवारनंतर हात लावला नाही. मग मंगळवारी सकाळी हे मशीन नाव न सांगणारं होतं आणि संध्याकाळी नाव सांगणारं झालं, ते कसं? आपोआप?”

लंबू स्टुलावर बसला. बसूनही तो तिच्या डोक्याइतका उंच होता.

“होस्टनेम तू दुरुस्त केलंस. घरूनही करता येतं, दोन ओळींचं काम. पण तेवढ्याने भागत नाही. नव्या मशीनला नवा आयपी पत्ता. त्या पत्त्यापुढे लॅबचं नाव यादीत लावायचं, तर ते इंटरनेट कंपनीच लावते. आणि ती लावते कुणाच्या सांगण्यावरून?”

मावशीने पाच बाराचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“ज्याच्या नावावर लाइन आहे त्याच्या. त्याच्या मोबाइलवर सांकेतिक आकडा येतो, तो त्याने स्वतः सांगावा लागतो. लाइन तुझ्या नावावर नाही. माझ्या भाचीच्याही नाही.”

लंबूने खिशातून फोन काढला आणि मंगळवारचे कॉल तिच्यासमोर धरले. मोठे डॉक्टर, एक वाजून आठ मिनिटं. मोठे डॉक्टर, एक पंचवीस. मोठे डॉक्टर, एक चाळीस.

“जेवायच्या सुट्टीत त्यांनी पेटी उघडली,” तो म्हणाला. “सकाळपासूनची एकतीस पत्रं परत आली होती. मला फोन केला. माझ्या लगेच लक्षात आलं, नाव द्यायचं राहिलं होतं. चूक माझीच, मॅडम. मी घरून नाव घातलं. कंपनीला काय सांगायचं ते त्यांना फोनवर सांगितलं. पावणेदोनला सगळं सुरळीत झालं.”

“आणि ती एकतीस पत्रं?”

“मी विचारलं. म्हटलं, सर, लगेच परत पाठवू का? ते म्हणाले, आत्ता नको. अधिकारी स्क्रीनसमोर बसलेत, एकतीस रिपोर्ट रखडल्याचं दिसलं तर मान्यता गेली. संध्याकाळी मी पाठवतो. तोवर सगळ्या डॉक्टरांना फोन करून आकडे सांगतो.” लंबूने मान खाली घातली. “मला वाटलं, त्यांनी केले असतील. शपथ, मला तसंच वाटलं.”

“लॉग कुणी पुसला?”

“बुधवारी त्यांनी सांगितलं. मी पुसला.”

“तोपर्यंत तुला माहीत होतं, एक माणूस गेलाय.”

लंबूच्या मागे दार उघडं होतं, आणि दारात मोठे डॉक्टर उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

६

ते ओरडले नाहीत. आत येऊन भिंतीला टेकले. मृदू आवाज तसाच होता, फक्त आता त्यात बळ नव्हतं.

“एकतीस रिपोर्ट होते. तीस साधे. मी वरवर नावं बघितली, आत उघडून बघितले नाहीत. बघितले असते तर... अधिकारी दारात उभे होते. म्हणत होते, चला डॉक्टर, पुढचा विभाग. साठ माणसांच्या नोकऱ्या त्या मान्यतेवर आहेत.”

“फोन का नाही केलेत?”

“पाचला करणारच होतो.”

“पाचला तुम्ही फक्त बटण दाबलंत. एकतीस पत्रं पुन्हा गेली. कॉम्प्युटर शेवटचीच वेळ ठेवतो, म्हणून मुलीच्या नावापुढे पाच बारा लागलं. ते योगायोगाने झालं. पण बुधवारी तिला घरी बसवलंत, ते योगायोगाने नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. “सहा वर्षांत एक चूक नाही तिची,” ते पुन्हा म्हणाले. काय बोलतो आहोत हे बहुधा त्यांनाच कळत नव्हतं.

संध्याकाळी मावशीने भाचीला सगळं सांगितलं. भाची रडली नाही, हसली नाही. बराच वेळ तिने हातातला रुमाल उलगडला, घडी घातली.

“मावशी, मी फोन एकदाच केला होता. एंगेज आला. तपासायच्या चाळीस नळ्या पडल्या होत्या, खूण हिरवी होती. मी पुढच्या नळीला हात घातला.”

“मला माहीत होतं.”

“कसं?”

“पहिल्या दिवशीच तुझी नजर बघितली. समितीला सांग. मी सांगण्याआधी तू सांग.”

सोमवारी समितीपुढे सुताराचा फोन टेबलावर ठेवला गेला. दोन्ही पत्रांचे शिक्के वाचले गेले. लंबूने जबाब दिला. मोठ्या डॉक्टरांनी एकही गोष्ट नाकारली नाही. लॅबची मान्यता त्याच दिवशी रोखली गेली आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदवायची शिफारस झाली. भाचीने न विचारता आपल्या एका फोनचं सांगितलं. अध्यक्षबाईंनी पेन थांबवलं, तिच्याकडे बघितलं आणि तेही लिहून घेतलं. तिला ताकीद मिळाली. लॅबच बंद झाल्यामुळे नोकरी मात्र गेलीच.

बाहेरच्या लांब बोळात सुताराची बायको बाकावर बसली होती. मावशी जवळ गेली.

“त्या डॉक्टरांना किती वाजता कळलं होतं?” बाईने विचारलं.

“एक वाजता.”

“एकला हे जेवत होते.” ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. “दोनला म्हणाले, जरा बरं वाटतंय, दाराचं काम घेऊ का. मी ओरडले. म्हटलं, गुपचूप पडून राहा, रिपोर्ट येऊ दे. तीनपर्यंत लेकीला गणित शिकवत होते.”

भाची चार पावलं मागे थांबली होती. ती पुढे आली. “मी पुन्हा फोन करायला हवा होता,” ती म्हणाली.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. शिवीही दिली नाही. तिने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“आत सगळे त्या मशीनचंच बोलत होते,” ती म्हणाली. “नाव, वेळ, शिक्के. रक्तात नक्की काय होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. लेक रोज विचारते. तू तपासलंस ना?”

“हो.”

“मग बस. मला समजेल असं सांग.”

भाची बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मूत्रपिंडं काय काम करतात, ती थकली की रक्तात काय साठतं, पाय का जड होतात. आकड्यापाशी आली तेव्हा तिचा आवाज फुटला. तिने आवाज सावरला आणि आकडा सांगितला.

“आणि किती असायला हवा होता?” बाईने विचारलं.